सुकटीचे पाय जमिनीला लागले नव्हते

डॉक्टर अनुयाने तपासणीची पट्टी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली, टेबलाच्या कडेला ठेवली आणि म्हणाली, "पार्वो आहे."

निशाने ऐकलं. पिल्लांच्या त्या जीवघेण्या आजाराचं नाव कानात शिरलं आणि तिथेच अडून बसलं. टेबलावर तिचं कुत्र्याचं पिल्लू, सुकट, एका कुशीवर पडलं होतं. सकाळी तिने दुधाला तोंड लावलं नाही, मग पिवळी उलटी झाली, आणि दुपारपर्यंत मागून रक्ताचं पाणी जायला लागलं. काल याच वेळी हे पिल्लू हरेशचा टॉवेल दातांत धरून घरभर पळत होतं.

"पण तिचे पाय जमिनीला लागलेच नाहीत," निशा म्हणाली. "बाहेरच्या जमिनीला. एकदाही नाही."

"तुम्ही किती जपत होता ते मला माहितीय." डॉक्टर सुकटीचा पुढचा पाय हातात घेऊन शीर शोधत होती. "आधी सलाईन लावू. कुठून आला ते मग बघू."

"बघायचं काय त्यात," दाराशी उभा असलेला हरेश म्हणाला. "रोज गावभर मिरवणूक. आई कानीकपाळी ओरडत होती. लस पुरी होऊ द्या, मग न्या बाहेर. ऐकलं कुणी?"

नवरा म्हणतोय ते खरं असणार, असंच निशाला त्या वेळी वाटलं.

घरातला पहिला कुत्रा शेरू. त्याच्या वेळी सगळं नियमात केलं होतं. लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर काढायचं नाही असं कुणीतरी सांगितलं, आणि घरच्यांनी ते अक्षरशः पाळलं. शेरू बंगल्याच्या मागच्या खोलीत वाढला. लसी झाल्या तोवर पाऊस लागला, मग गणपती आले, आणि शेरू खोलीतच राहिला. आजारी मात्र कधी पडला नाही. पुढे हरेशच्या चुलतभावाच्या हळदीला अंगणात मांडव पडला, बेंजोवाल्यांचा दणदणाट सुरू झाला, आणि कुणीतरी त्या खोलीचं दार उघडं टाकलं. भेदरलेला शेरू बाहेर सुटला आणि वाट अडली तेव्हा एका पाहुण्यांच्या मुलीच्या गालाला चावला. मुलीला टाके पडले. हळदीचं जेवण तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी शेरूला पळस्प्याच्या पुढे एका ओळखीच्याच्या वाडीवर नेऊन बांधलं. तो अजून तिथेच आहे, साखळीला. निशा एकदा त्याला भेटायला गेली, तर तो तिच्यावरही दात काढून धावला. कुत्रा वाईट नव्हता. त्या दिवसापर्यंत त्याने जगच पाहिलं नव्हतं.

त्यानंतर या घरात पुन्हा कुत्रं येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण हरेश करंजा बंदरावर सुकी मासळी आणायला गेला आणि मासळीवालीच्या मांडवाखाली जन्मलेलं, तांबूस रंगाचं, फासळ्या मोजाव्यात असं एक पिल्लू घेऊन आला. त्याच्या आईने, दमयंतीने, पिशवीत डोकावून पाहिलं.

"सुकट आणाया धाडला तुला, नि हे काय आणलंस?"

"ही पण सुकटच हाय आई. वाळलेली बघ कशी."

नाव तेच पडलं. निशाने मात्र पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं, हिचा शेरू होऊ द्यायचा नाही. पहिली लस टोचायला नेलं तेव्हा तिने डॉक्टरला शेरूची सगळी हकीकत सांगितली.

डॉक्टर अनुयाने ती नीट ऐकून घेतली. "लसी पूर्ण होईपर्यंत कोंडून ठेवलं तर आजार टळतो, पण कुत्रं भित्रं होतं," ती म्हणाली. "माणसं, आवाज, गाड्या, हे सगळं साधं आहे असं पिल्लू लहानपणीच शिकतं. ते वय थोडं असतं आणि लसीसाठी थांबत नाही. म्हणून हिला जग दाखवा, फक्त जमिनीवर ठेवू नका. कडेवर न्या, झोळीत न्या. अनोळखी कुत्री जवळ येऊ देऊ नका. भटकी कुत्री बसतात त्या जागा टाळा. लस झालेलं, ओळखीच्या घरातलं एखादं शांत कुत्रं असेल तर भेटवा. आणि बाहेरच्या चपला बाहेर."

निशाने यातला शब्दन् शब्द पाळला. दमयंतीचं एक जुनं सुती पातळ मागून घेऊन तिची झोळी केली. सकाळी ती एका वकिलाच्या ऑफिसात जायची, दुपारनंतर झोळीत सुकट. एसटी स्टँडच्या बाहेर बाकावर बसायचं, गाड्यांचे भोंगे आणि कंडक्टरच्या शिट्ट्या ऐकवायच्या. पिल्लू थरथरलं की उठून चार पावलं लांब जायचं, उकडलेल्या चिकनचा धागा तोंडात द्यायचा, कान सैल पडले की पुन्हा जवळ. पळस्प्याला हरेशचा क्रेनचा धंदा होता. तिथे ट्रेलरचे हॉर्न आधी गाडीच्या बंद काचेतून ऐकवले, मग काच उघडून. शेजारच्या हेतलच्या म्हाताऱ्या लॅब्रेडॉरला तिच्या धुतलेल्या गच्चीत भेटवलं. छत्री, बुरखा, हेल्मेट, कुबड्या, लहान मुलं, सगळं झालं. आठवड्याभरात सुकट झोळीतून तोंड बाहेर काढून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघायला लागली. लोकही थांबून बघायचे. "किती गोड आहे" असं म्हटल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही.

घरापासून मोठ्या रस्त्याला लागताना वाटेत तिकटी होती, तीन रस्ते मिळायचे तिथे. कोपऱ्यावर मटणाचं दुकान, त्याच्या फळीखाली भटक्या कुत्र्यांची जागा. तिथल्या एका कुत्रीची पिल्लं निशाने एकदा गटाराच्या कडेला पाय ताणून पडलेली पाहिली. नंतर ती दिसलीच नाहीत. त्या दिवसापासून निशा तिकटी टाळून देवळामागच्या लांबच्या वाटेने जायला लागली.

दमयंतीला हे फिरवणं पसंत नव्हतं. "माझ्या पोरांना पण एवढं नाय फिरवलं कुणी," ती म्हणायची. "आता पासपोर्ट काढा हिचा." पण निशा परत यायची तेव्हा म्हातारी दारातच उभी असायची. झोळी निशाच्या खांद्यावरून उतरायच्या आत पिल्लू तिच्या हातात. "एवढ्या लोकांनी बघाया ही काय पालखी हाय? नजर लागंल माझ्या सुकटीला."

आणि दिवेलागणीला ती नजर काढायची. बंद मूठ सुकटीवरून उतरवायची, ओठातल्या ओठात काहीतरी बोलायची, मग गॅसवर तव्यात मिरच्या तडतडायच्या आणि घरभर ठसका. शेवटी सुकटीच्या कपाळाला एक बोट. देवळातला अंगारा लावतेय, असं निशाने गृहीत धरलं होतं. लहान लेकरांसाठी घरोघर करतात तेच म्हातारी पिल्लासाठी करत होती. निशाला हसू यायचं, बरंही वाटायचं. बांगड्यांचा आवाज, मिरच्यांचा धूर, म्हाताऱ्या माणसाचा हात, यातूनही पिल्लू शिकतच होतं.

आता सुकट क्लिनिकच्या मागच्या वेगळ्या खोलीत होती, आणि निशाला बाकावरचा प्रत्येक दिवस आठवत होता. कुणी हात लावला होता? कुणाच्या पँटला काय लागलं होतं? हेतलचं कुत्रं खरंच निरोगी होतं ना? तिने हेतलला फोन करून, ज्या आवाजात कधी बोलली नव्हती त्या आवाजात, कुत्र्याच्या लसीच्या तारखा विचारल्या. हेतलने त्या सांगितल्या आणि नुसतं म्हणाली, "मला सुकटीची काळजी वाटतेय, निशा." निशाने फोन ठेवला.

घरी हरेशने तोच विषय चालवला. "डॉक्टर काय, बोलतात. पिल्लू आपलं मरतं."

"ते मरायला लागलंय असं कोण म्हणालं?" निशाने विचारलं.

"मग काय नाचतंय?"

"गप रं," दमयंती म्हणाली. तिने निशाला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्याचंच निशाला जास्त लागलं. म्हातारी ताट पुढे घेऊन बसली होती आणि घास तसाच हातात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दमयंती म्हणाली, "मी पण येतं."

रिक्षात ती पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. पदराला गाठ होती. क्लिनिकमध्ये हरेश आधीच पोचला होता, डॉक्टरने दिलेली पिवळी पिशवी चपलेवर बांधून वेगळ्या खोलीच्या दाराशी उभा. आत सुकट टॉवेलवर पडली होती. नळीतून थेंब थेंब सलाईन चाललं होतं. निशाचा आवाज ऐकून तिने शेपटीचं टोक हलवलं. तेवढंच.

दमयंतीने गाठ सोडली. आत कागदाची पुडी होती.

"डॉक्टरीणबाई, तुमचं औषध चालू द्या," ती म्हणाली. "मना फकस्त एकदा उतरवाया द्या. काल राहिलं. काल नाय काढली नजर, म्हणून वाढलं."

डॉक्टर अनुयाला या गोष्टींची सवय असावी. "लांबून ओवाळा, आजी. हात लावू नका तिला. आणि इथे जाळायचं काही नाही हां. काय आहे त्यात?"

"काय नाय. मीठ, मोहरी, मिरच्या. नि माती."

"कसली माती?"

"तिकटीची."

डॉक्टरचा सलाईनच्या चाकावरचा हात थांबला. निशाला आधी काहीच कळलं नाही. मग तिला मटणाच्या दुकानाची फळी आठवली.

"कुठल्या तिकटीची, आई?" तिने विचारलं.

"आपल्याच. मटणाच्या दुकानाजवळची." दमयंतीने ते एखाद्या लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. "एकाची नजर लागली तर त्याच्या पायाखालची माती घेतात. पण तू तर गावभर दाखवून आणायचीस. कुणाची म्हणून लागली ते कसं कळणार? मग तिकटीचीच घ्याची. तिथून सगळ्यांचेच पाय जातात. ज्याची नजर असंल त्याची माती त्यात आलीच."

"रोज घ्यायचात?" डॉक्टरने विचारलं.

"निशानं बाहेर नेली की घ्याची. शिळी चालत नाय."

"आणि कपाळाला लावायचात तो अंगारा?" निशाने विचारलं.

"अंगारा कुठला. त्यातलीच बोटभर. उतरवून झाली की लावाची."

डॉक्टर सुकटीच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "बोट चाटायची का ती तुमचं, आजी?"

"चाटायची ना," दमयंती म्हणाली, आणि कालपासून पहिल्यांदा तिचा चेहरा जरासा उजळला. "लय आवडायचं तिला. एकेक बोट चाटून काढायची."

हरेशने एकदा आईकडे पाहिलं, एकदा निशाकडे, आणि मग तो समोरच्या भिंतीवरचं जंतांच्या गोळ्यांचं पोस्टर वाचायला लागला.

"काय झालं?" दमयंतीने विचारलं. "काय बोलत का नाय कुणी?"

डॉक्टरने हातमोजे काढले, खुर्ची ओढून म्हातारीसमोर बसली. "आजी, हा आजार कुत्र्यांच्या विष्ठेतून येतो. जिथे आजारी कुत्रं बसलं असेल, तिथल्या मातीत तो कितीतरी महिने राहतो. डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मी यांना सांगितलं होतं, पिल्लाला जमिनीवर ठेवायचं नाही. त्या तिकटीवर कुत्री असतात ना?"

"असतात. दुकानाच्या फळीखाली."

"हल्ली तिथली पिल्लं वगैरे मेली होती का?"

"मेली होती," निशा म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "मी बघितली होती. म्हणून तर मी त्या वाटेने जायचं बंद केलं."

"हेच कारण, असं मी शपथेवर नाही सांगणार," डॉक्टर म्हणाली. "चपलेतून येतो, कपड्यांतून येतो. पण एवढी सरळ वाट दिसत असताना..." तिने वाक्य सोडून दिलं. "मला हे विचारायचं सुचलं नसतं. पिल्लू जमिनीवर ठेवू नका म्हटलं. जमीनच उचलून घरात येईल, हे माझ्याही डोक्यात आलं नाही."

दमयंती पुडीकडे बघत राहिली.

"मंजे मी," ती म्हणाली.

निशाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. कालपासून मानेवर बसलेलं ओझं एका वाक्यात उतरलं होतं, तेही सगळ्यांच्या देखत. पण सुटल्यासारखं काही वाटेना. तिला एकच दिसत होतं: तिने हेतलला सगळं समजावून सांगितलं होतं, हरेशला सांगितलं होतं, गेटवरच्या वॉचमनलाही, पिल्लाला हात लावण्याआधी हात का धुवायचे ते. सासूला तिने फक्त एवढंच सांगितलं होतं, "आई, हिला बाहेर खाली ठेवायचं नाही." का, ते सांगितलं नव्हतं. आणि दमयंतीने ते तंतोतंत पाळलं होतं.

"इथे टाका, आजी," डॉक्टरने झाकणाचा डबा पायाने उघडून पुढे केला. दमयंतीने पुडी आत ठेवली. टाकली नाही, वाकून ठेवली. मग नळाखाली हात धुतले, आणि डॉक्टरने पुरे म्हटलं तरी धुतच राहिली. सुकटीकडे न बघता ती बाहेर जाऊन क्लिनिकच्या पायरीवर बसली.

हरेश तिच्या मागे गेला नाही. निशाजवळ येऊन उभा राहिला, तोंड उघडलं, आणि म्हणाला, "मी गाडी सावलीत लावून येतो."

गाडी सावलीतच होती.

सुकट जगली. उलट्या थांबल्या, मग पाणी टिकलं, मग अंड्याचा पिवळा बलक. घरी आली तेव्हा तिचं नाव तिला नव्याने शोभत होतं. डॉक्टरने पुन्हा सगळं सांगितलं, आणि या वेळी निशाने ते तिघांनाही समोर बसवून सांगायला लावलं, कारणांसकट. आता काही आठवडे सुकटीपासूनच दुसऱ्या कुत्र्यांना धोका होता, म्हणून बाहेर नेणं बंद, हेतलची गच्ची बंद. फरशी ब्लीचने धुवायची, फिनेलने हा विषाणू मरत नाही. हरेशने ते काम न सांगता स्वतःकडे घेतलं. फिनेल देणाऱ्या दुकानदाराशी हुज्जत घालून ब्लीचच आणलं, आणि क्रेनवाल्या माणसाला शोभेल अशा जोरात रोज सकाळी घर घासायला लागला.

निशाने हेतलला फोन करून माफी मागितली. काय झालं होतं ते सांगताना तिने कुणाचं नाव घेतलं नाही. हेतलनेही विचारलं नाही.

पण खरा धक्का निशाला घरीच बसला. एसटीच्या भोंग्याला कान टवकारणारं पिल्लू आता ताटली वाजली की सोफ्याखाली जायचं. हात पुढे आला की डोकं खाली, कान मागे, अंग जमिनीला चिकटलेलं. क्लिनिकमध्ये पुढे आलेल्या प्रत्येक हातात सुई होती. हरेश तिला उचलायला वाकला तेव्हा तिने दात दाखवले. बारीक, पांढरे, दुधाचे दात. हरेश हसला. निशा हसली नाही. असे दात तिने पळस्प्याच्या वाडीवर पाहिले होते.

"वेळ कमी आहे," डॉक्टर फोनवर म्हणाली. "पण अजून संपलेला नाही. तिला बाहेर नेता येत नसेल तर जग घरात आणा, ज्यांच्या घरी कुत्री नाहीत अशी माणसं, हात धुवून. कुणी तिच्यावर वाकायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही. खाली बसायचं आणि तिला येऊ द्यायचं. आजी कशा आहेत? त्यांची तिला सवय होती."

आजी पिल्लाच्या जवळ जात नव्हती. सुकट पुढच्या खोलीत तर दमयंती स्वयंपाकघरात, सुकट स्वयंपाकघरात तर दमयंती अंगणात. दिवेलागणीला ती देवाला दिवा लावायची आणि हात मागे बांधून उभी राहायची. हातांची कातडी धुवून धुवून पांढरी पडली होती, बोटांच्या पेरांवर चिरा गेल्या होत्या.

एका संध्याकाळी निशा तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. "आई, तुम्ही या. ती माझ्याकडेही येत नाहीये."

"मी नाय."

"ती पण शेरूसारखी होईल, आई."

दमयंतीने पदर खोचला. मग मोरीत गेली. नळ वाजत राहिला. परत आली ती ओले हात समोर धरून, चोरी पकडलेल्या पोराने दाखवावेत तसे. "बघ."

निशाने पाहिलं. "स्वच्छ आहेत."

"नखांत बघ."

नखं जिव्हाळीपर्यंत कापलेली होती. निशाने एकेक बोट धरून पाहिलं. "काही नाही, आई. खरंच."

दमयंती सोफ्यापासून लांब, भिंतीला टेकून जमिनीवर बसली. हात गुडघ्यांवर उताणे ठेवले. सोफ्याखालून काही हललं नाही. बाहेर एक रिक्षा उलटी घेताना पीं पीं करत राहिली, थांबली. मग आधी नाक बाहेर आलं, मग एक पाय. सुकट पोट घासत पुढे आली, थांबली, पुन्हा आली. दमयंतीच्या हातांचा वास न घेता तिच्या गुडघ्याला वळसा घालून ती बाजूला आली, पाठ म्हातारीच्या मांडीला लावून बसली आणि तोंड खोलीकडे केलं.

दमयंतीने श्वास धरून ठेवला होता.

तेवढ्यात दार ढकलून हरेश आत आला. सुकटीचं अंग ताठ झालं, ओठ वर गेला.

"तिथंच थांब," दमयंती हळू आवाजात म्हणाली. "खाली बस. दारातच. तिच्याकडं बघू नको."

"अगं पण मी..."

"बघू नको बोलली ना तिच्याकडं."

एवढा मोठा माणूस उंबऱ्यापाशी मांडी घालून बसला आणि भिंतीकडे बघत राहिला. सुकट त्याच्यावर नजर रोखून होती. जागची उठली मात्र नाही. हळूहळू तिचा ओठ खाली आला. पाठ म्हातारीच्या मांडीला तशीच टेकलेली राहिली.

"अजून किती वेळ?" हरेशने भिंतीला विचारलं.

दमयंतीचे हात अजून गुडघ्यांवर उताणेच होते. त्यांवरचं पाणी केव्हाच वाळलं होतं. ते मिटायचं तिला सुचत नव्हतं.